गाडीतला रस्त्याचा आवाज घरच्या घरी कमी करणे : सुरुवात कोठून करावी आणि अपेक्षा किती ठेवावी?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी.

नाशिकहून मुंबईला किंवा सिन्नरजवळ समृद्धीवर चढून पुढे जाणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. गाडी लहान हॅचबॅक, पाच-सहा वर्षे वापरलेली, इंजिन उत्तम. पण वेग ऐंशीच्या वर गेला की आत एकसारखी घरघर सुरू होते, मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि गाण्याचा आवाज वाढवत न्यावा लागतो. यावर उपाय म्हणून चांदीच्या रंगाची चिकट मॅट बाजारात मिळतात, आणि ‘चारही दारांना लावा, गाडी शांत होईल’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझ्या व शेजाऱ्यांच्या गाड्यांवर हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मॅट विकत घेण्याआधी आवाज कोणता आहे आणि तो कोठून येतो हे ठरवले नाही, तर निम्मे पैसे वाया जातात. चर्चा याच मुद्द्याभोवती व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

साधारण पन्नासच्या पुढे एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरतो आणि शंभरच्या पुढे वाऱ्याचा आवाज त्याच्या बरोबरीला येऊ लागतो. टायरचा आवाज दोन वाटांनी आत शिरतो. रस्त्याच्या खडबडीतपणामुळे चाक थरथरते, ती थरथर सस्पेन्शनमधून पत्र्यात उतरते आणि पत्रा स्वतःच वाजू लागतो. हा घुमणारा, छातीत जाणवणारा आवाज साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा असतो. दुसरी वाट हवेची आहे. टायरची नक्षी रस्त्यावर आपटताना व सुटताना जो सळसळाट होतो, तो १००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरकस असतो आणि चाकांवरच्या कमानी, फरशी, दारांच्या फटी व काचा यांतून आत येतो. पहिल्याचा इलाज पत्र्याची थरथर मारणे हा आहे, तर दुसऱ्याचा इलाज फटी बुजवणे व वजनदार अडसर घालणे हा आहे. एकाच्या औषधाने दुसरा बरा होत नाही.

निदानासाठी काही खर्च येत नाही. समृद्धीचा काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी रस्ता लागला की आवाज एकदम खाली येत असेल, तर तो टायरचा आहे. त्याच वेगात गिअर बदलल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल, तर तो इंजिनाचा आहे. एकसारखी घूं-घूं लांब वळणावर कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग आधी तपासावे; मॅटने बेअरिंगचे दुखणे झाकता येत नाही आणि झाकूही नये. वाऱ्याचा संशय असेल तर रंगकामाची कागदी चिकटपट्टी दारांच्या फटींवर बाहेरून लावून एक चक्कर मारावी. फरक पडला, तर बीडिंग, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, दबून सैल पडली आहे असे समजावे.

राहता राहिले टायर. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या खुणेनंतर शेवटी चार आकडे असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. रबर वयाबरोबर कडक होते आणि कडक रबर जास्त वाजते. नक्षीच्या ठोकळ्यांवरून तळहात एकदा पुढे व एकदा मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर झीज वाकडी आहे आणि निम्मा आवाज तिथेच आहे. अशा गाडीला आधी अलाइनमेंट व रोटेशन, आणि टायर संपत आले असतील तर नवे टायर, हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे भरावी. ‘हायवेला जायचे आहे’ म्हणून चार-पाच पॉइंट जास्त भरण्याची जी सवय आहे, तिने धक्के व आवाज दोन्ही वाढतात.

एवढे सगळे झाल्यावर उरलेल्या आवाजासाठी गाडी उघडावी. पुढचे जाणकारांनी सांगावे.

प्रेसशॉप_अंबड

चांगला विषय. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या प्रेसकामात माझी नोकरी झाली, त्यामुळे पत्र्याच्या बाजूने लिहितो.

दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो. मधल्या सपाट भागाला आधार कमी असल्यामुळे तो हलगीसारखा वाजतो. ज्या ठिकाणी पत्र्याला घडी, पन्हळ किंवा वळण दिलेले असते, तिथे तो मुळातच ताठ असतो, तिथे मॅट लावून काही साधत नाही. बोटाच्या पेराने ठोकत गेल्यास हे लगेच कळते. काठाजवळ ‘टक’ असा कोरडा आवाज येतो, मध्यावर ‘ठण्ण’ येतो आणि तो किंचित रेंगाळतो. रेंगाळतो तिथे खडूने खूण करावी. त्या खुणांवर मॅटचे तुकडे लावून पुन्हा ठोकल्यावर ‘ठण्ण’चा ‘टप्प’ झाला, की काम झाले.

या चांदीच्या रंगाच्या मॅटमध्ये ब्युटाइल रबराच्या थरावर ॲल्युमिनियमची पन्नी असते, ती शोभेसाठी नसते. पत्रा वाकतो तेव्हा एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला न ताणली जाणारी पन्नी यांच्यामध्ये रबर घासले जाते आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणून पन्नी जितकी जाड तितके मॅट चांगले, आणि म्हणूनच रबर पत्र्याला शंभर टक्के चिकटलेले असणे आवश्यक आहे. खाली हवेचा फुगा राहिला, तर तेवढा भाग फुकट गेला. लहान लोखंडी किंवा लाकडी रोलरने पन्नीवरचे उठावाचे ठसे सपाट होईपर्यंत दाब द्यावा. पन्नीची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे घालावेत.

सपाट भागाचा पाव ते फार तर निम्मा हिस्सा झाकला की या पद्धतीचा बहुतेक सगळा फायदा पदरात पडतो. पूर्ण दार मढवून काढणाऱ्यांना त्यापुढे केवळ वजन मिळते. दोन मिलिमीटरचे मॅट चौरस मीटरला तीन किलोच्या वर भरते आणि तो भार दाराच्या बिजागऱ्यांवर येतो.

डांबरी शीट स्वस्त असते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. अशा तापमानाला डांबर मऊ पडते, वास सुटतो आणि छतावर लावलेले असेल तर ते कापडी अस्तरावर उतरते. ब्युटाइल म्हणून डांबर खपवले जात असल्यास ओळखण्याची युक्ती सोपी आहे : लहान तुकड्यावर हेअर ड्रायर धरावा. डांबराचा रस्त्याच्या कामासारखा वास येतो व ते ओघळू लागते. ब्युटाइल मऊ होऊन ताणल्यावर लांब तार धरते, पण ओघळत नाही.

कॉलेजरोड_७

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. माझा अनुभव मात्र निराशाजनक आहे. शहरातील एका ॲक्सेसरीच्या दुकानातून चारही दारांना ब्युटाइल मॅट लावून घेतले. दार बंद करताना आता भारदस्त आवाज येतो, हे खरे. परंतु मोबाइलवरील ॲपमध्ये ओझरच्या बाजूला त्याच पट्ट्यात, त्याच वेगाला, आधी आणि नंतर मोजले तर फरक जेमतेम एका डेसिबलचा निघाला. मग हा सगळा प्रकार मनाचे समाधान समजावा काय?

पाथर्डीफाटा

@कॉलेजरोड_७, आपले मोजमाप चुकीचे आहे असे मला वाटत नाही. त्याचा अर्थ मात्र वेगळा निघतो, आणि या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तोच आहे.

डेसिबलची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही. समजा फरशी, चाकांच्या कमानी व डिक्की यांतून मिळून ६८ डेसिबल आवाज आत येत आहे आणि दारांतून ६२ डेसिबल. दोन्ही मिळून १३० होत नाहीत, ६९ होतात. आता दारांतून येणारा आवाज आपण जादूने पूर्ण नाहीसा केला, तरी मीटर ६८ दाखवेल. म्हणजे एकच डेसिबल कमी. दारांचे काम उत्तम झाले आहे, पण मोठा दरवाजा उघडाच ठेवून खिडकी लावल्यासारखे ते झाले. सर्वांत मोठा वाटा ज्याचा, त्याला आधी हात घातल्याशिवाय आकडा हलत नाही. छोट्या हॅचबॅकमध्ये तो वाटा बहुधा मागच्या चाकांच्या कमानी आणि स्टेपनीची खोबण यांचा असतो, कारण तिथे डिक्की व प्रवाशांची जागा एकच असते आणि मध्ये आडवा पत्रा नसतो.

दुसरी गोष्ट ॲपची. बहुतेक ॲप मुळात ‘ए’ पट्टीवर मोजतात. ही पट्टी माणसाच्या कानाला अनुसरून खालच्या सुरांना कमी गुण देते. १००० हर्ट्झला शून्य वजावट, २०० हर्ट्झला सुमारे ११ डेसिबल आणि १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजावट. दारांच्या पत्र्याची घुमघुम मॅटने कमी झाली असेल, तर ती नेमकी त्याच भागात झाली आहे जिथे ही पट्टी डोळेझाक करते. खालच्या सुरांना जवळजवळ वजावट न लावणाऱ्या ‘सी’ पट्टीची सोय ॲपमध्ये असेल तर दोन्हींवर मोजावे. मोबाइल एकाच जागी ठेवावा, एसीचा पंखा बंद असावा, रस्ता कोरडा असावा आणि मिनिटभराची सरासरी घ्यावी. क्षणाक्षणाला उड्या मारणारा आकडा बघून निष्कर्ष काढू नये.

अपेक्षेबद्दल बोलायचे तर आवाज निम्मा झाल्यासारखे वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते. घरच्या कामातून दोन-तीन डेसिबल मिळाले, तर काम यशस्वी मानावे. ऐकायला हा आकडा किरकोळ आहे. पण तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, आणि कसारा ओलांडेपर्यंत डोके जड होते की नाही हे त्याच्यावर ठरते.

चार्जिंगपॉइंट

दादा, माझी गाडी विजेवर चालणारी आहे. ती घेतल्यापासून टायरचा आवाज अधिकच जाणवतो. इंजिनच नाही, त्यामुळे शहरातल्या लांब उड्डाणपुलावरून जाताना प्रत्येक जोडावर ‘धडक्, धडक्’ आणि समृद्धीवर सलग शिट्टीसारखा आवाज येतो. बॅटरी फरशीखाली असल्याने फरशी उघडण्याची हिंमत होत नाही. अशा गाडीत काय करता येईल?

पाथर्डीफाटा

ताई, फरशीखालच्या बाजूला आपण हात लावू नये हे बरोबरच आहे. बॅटरीचे झाकण व नारिंगी रंगाच्या वायर यांच्या जवळ घरगुती काम अजिबात करू नये. आतून, गालिच्याच्या वरच्या बाजूने मात्र काम करता येते आणि चाकांच्या कमानी तर कोणत्याही गाडीत सारख्याच असतात.

उड्डाणपुलाच्या जोडांवरील धडक ही सस्पेन्शनमधून येते. टायरमधील हवा वाजवी ठेवणे आणि बुश व माउंटिंग तपासणे याखेरीज त्यावर मॅटचा उपयोग नाही. शिट्टीसारखा आवाज काँक्रीटवर पाडलेल्या आडव्या खाचांचा आहे. टायर त्या खाचा ठरावीक लयीत ओलांडतो, म्हणून सूर लागल्यासारखे वाटते. त्याशिवाय टायरच्या पोटातील हवाही घुमते, साधारण २०० ते २५० हर्ट्झला. त्यासाठी आतल्या बाजूने फोमचा पट्टा चिकटवलेले टायर काही कंपन्या बनवतात. पुढच्या वेळी टायर बदलताना त्याचा विचार जरूर करावा. दिसायला छान म्हणून रुंद टायर घालू नयेत, रुंदीबरोबर आवाजही वाढतो.

प्रेसशॉप_अंबड

चाकांच्या कमानींबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते कमी खर्चात सर्वांत जास्त फळ तिथेच आहे, आणि दुकानदार त्याबद्दल बोलत नाहीत. दार चकचकीत दिसते आणि गिऱ्हाइकाला फोटो काढता येतो. कमानीचे काम कुणाला दिसत नाही.

चाक काढले की वर प्लॅस्टिकचे अस्तर दिसते. ते क्लिपा व स्क्रूंनी बसवलेले असते. अनेक स्वस्त गाड्यांत मागच्या चाकांना हे अस्तर नसतेच. फक्त पत्रा आणि त्यावर काळा रबरी लेप असतो, त्यामुळे उडालेला प्रत्येक खडा आत ऐकू येतो. असे असेल तर आपल्या मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला येणारे अस्तर जुळते का, हे सुट्या भागांच्या दुकानात विचारावे. पुढच्या बाजूला अस्तर काढून चिखल पूर्ण धुवावा, पत्रा वाळू द्यावा, गंज असेल तर तो घासून प्रायमर लावावा, मग पत्र्यावर ब्युटाइलचे तुकडे लावावेत आणि अस्तर परत बसवावे. चाक पूर्ण वळवून कोठे घासत नाही ना, हे पाहिल्याखेरीज गाडी बाहेर काढू नये. गाडी जॅकवर ठेवून खाली काम करू नये, स्टँड लावावेत. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही कुणी पाळत नाही.

आतल्या बाजूने डिक्कीतील गालिचा उचलून स्टेपनीच्या खोबणीत आणि कमानीच्या फुगवट्यावर आधी ब्युटाइल, त्यावर सहा मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम आणि सर्वांत वर वजनदार व्हिनाइलची चादर, असा क्रम ठेवावा. ही चादर चौरस मीटरला साधारण पाच किलो भरते. ती पत्र्याला चिकटवायची नसते; फोमवर सैल पडून राहिली तरच ती वेगळा अडसर म्हणून काम करते. अडसराचे वजन दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात, असा ढोबळ नियम आहे. मात्र एकूण क्षेत्राच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी अडवण्याची कमाल मर्यादा २० डेसिबलवर येते, मग वर कितीही वजन टाका. म्हणून मॅटचे तुकडे विरळ चालतात, परंतु चादर सलग हवी आणि तिचे सांधे टेपने बंद हवेत. लोक नेमके उलटे करतात : मॅट सगळीकडे आणि चादर तुकड्या-तुकड्यांत.

सातपूर_गॅरेज

आमच्याकडे अशी अर्धवट उघडलेली बरीच वाहने येतात, म्हणून सावधगिरीचे काही सांगतो.

आसने काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. आसनाखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग व सीटबेल्टचे असतात. ते सुटलेले असताना चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवण्यासाठी स्कॅनर लावावा लागतो. आसनाचे बोल्ट परत कसताना अंदाजाने न कसता टॉर्कचा पाना वापरावा, अपघातात माणूस त्या बोल्टांवरच अवलंबून असतो.

दाराचे पॅड काढताना आतल्या हँडलच्या वाटीत आणि हात टेकण्याच्या खाचेत स्क्रू लपलेले असतात. ते काढल्याशिवाय पॅड ओढले तर क्लिपा तुटतात. खाली कडेने प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवावी, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. पॅडच्या मागे काळ्या चिकट दोरीवर बसवलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. दाराच्या आत काचेवरून पाणी उतरतच असते. तो पडदा ते पाणी गाडीत येऊ देत नाही. पडदा फाडून टाकला आणि त्याजागी काही लावले नाही, तर पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा भिजतो. मोठी भोके ब्युटाइलने बंद करणे ही चांगली पद्धत आहे, मात्र काही गाड्यांमध्ये दाराच्या आत धडक ओळखणारा हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. तसा असेल तर दाराची आतली रचना बदलू नये.

काच वर-खाली करून ती कोठे मॅटला लागत नाही ना, हे पॅड बसवण्यापूर्वी पाहावे. लॉकची सळई व वायर मोकळ्या राहाव्यात.

घोटी_इगतपुरी

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या भागातले सांगणे भाग आहे. इगतपुरीकडे जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही म्हटले तरी चालेल. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. मॅट चिकटवताना ती बुजली की दारात पाणी साचते, ब्रेक मारल्यावर आत खळखळ ऐकू येते आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दाराची खालची कड फुगते. मॅटची खालची कड त्या भोकांपासून चार बोटे वर थांबवावी आणि पावसाळ्याआधी तार घालून भोके मोकळी करावीत.

तसेच पाणी पिणारा स्पंज, नमदा किंवा गादीचा फोम दाराच्या आत आणि फरशीवर घालू नये. बंद पेशींचा फोम पाणी धरत नाही. बाटलीत बुडवून पिळून पाहिला की फरक कळतो. गालिच्याखाली कंपनीने दिलेला नमदा जर ओला असेल, तर आधी तो बाहेर काढून कडक उन्हात वाळवावा. ओल्यावर काहीही झाकले तर कुबट वास वर्षभर जात नाही.

छतावर मॅट लावण्याबद्दल कुणाचा अनुभव आहे का? मुसळधार पावसात छताचा ताशा इतका वाजतो की बोलणे थांबवावे लागते.

पंचवटीकर

एक शंका. अंड्यांचे ट्रे, थर्माकोल किंवा योगासनांची चटई वापरून हेच काम शेकडो रुपयांत होते, असे व्हिडिओ फिरत असतात. एवढा खर्च कशासाठी?

प्रेसशॉप_अंबड

थर्माकोलला वजन नाही, त्यामुळे तो आवाज अडवत नाही. आणि तो ताठ असल्यामुळे थरथर जिरवतही नाही. उलट पत्र्याला घासून स्वतः चुरचुरतो. अंड्यांच्या ट्रेमुळे बंद खोलीतला वरचा प्रतिध्वनी किंचित कमी होत असेल, पण बाहेरून येणारा रस्त्याचा आवाज त्याला जुमानत नाही. चटईचा फोम खाली अडसर म्हणून नव्हे, पण वजनदार चादरीखालचा सैल थर म्हणून चालू शकला असता. माझा आक्षेप आगीचा आहे. मोटारीच्या आतील साहित्य किती वेगाने जळावे याला आयएस १५०६१ या भारतीय मानकाची मर्यादा आहे. चटई त्यासाठी बनवलेली नसते, आणि आपण ती नेमकी आसनाखालच्या वायरच्या जुडग्याशेजारी अंथरतो. मोटारीसाठी म्हणून विकला जाणारा फोम घ्यावा आणि त्याचाही छोटा तुकडा मोकळ्या जागेत जाळून पाहावा. ज्योत बाजूला केल्यावर तो विझला पाहिजे.

@घोटी_इगतपुरी, छतासाठी ब्युटाइल योग्य आहे आणि पावसाच्या आवाजात फरक लगेच कळतो, कारण तिथे पत्राच वाजत असतो. आडव्या पट्ट्यांच्या मधल्या चौकोनांत विरळ तुकडे पुरेसे आहेत. छतावर उगाच वजन चढवू नये आणि डांबरी शीट तर मुळीच लावू नये. खरा त्रास अस्तर उतरवण्याचा आहे. कडेने एअरबॅगचे पडदे असलेल्या गाडीत ते काम गॅरेजकडे सोपवावे.

कॉलेजरोड_७

सर्वांच्या सांगण्यानुसार डिक्की उघडून पाहिली. स्टेपनीच्या खोबणीत उघडा पत्रा आहे, मागच्या चाकांना अस्तर नाही आणि टायरवरून हात फिरवल्यावर करवत लागते. म्हणजे मी दारांवर केलेला खर्च तिसऱ्या क्रमांकाचा होता. आता टायरपासून सुरुवात करतो. बीडिंगबद्दल कुणी सांगाल काय? मागच्या डाव्या दारातून ऐंशीनंतर सूं-सूं येते.

सातपूर_गॅरेज

कागदाची पट्टी चौकटीवर धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सगळीकडे अडकून निघाली पाहिजे. सहज सुटेल तिथे रबर दबलेले आहे. आधी दाराचा खटका, म्हणजे चौकटीवरचा लोखंडी कडीचा तुकडा, किंचित आत सरकवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. नंतर रबर धुऊन त्यावर सिलिकॉनचा हात द्यावा. साधे ग्रीस किंवा तेल लावू नये, त्याने हे रबर फुगते. तरीही फट राहिली तर पोकळ नळीसारखी जादा पट्टी मिळते, ती चिकटवावी. जाडी बेताची असावी. जाड पट्टीने दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि महिन्याभरात खटका ढिला होतो.

निफाडकर

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी असतो. सुट्टीत हे काम काढायचे आहे. थंडीत ब्युटाइल चिकटेल का?

पाथर्डीफाटा

थंड पत्र्यावर ते चिकटल्यासारखे दिसते आणि उन्हाळ्यात कडा सुटतात. त्यामुळे काम दुपारी करावे. गाडी सकाळभर उन्हात उभी ठेवावी, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावा, कारण दाराच्या आत कंपनीचा मेणासारखा थर असतो आणि त्यावर काहीच टिकत नाही. हीट गन असल्यास पत्रा हाताला कोमट लागेपर्यंतच तापवावा, रंगाच्या बाहेरच्या बाजूवर एकाच जागी धरू नये. मॅटही तासभर उन्हात पसरून ठेवले की कापायला सोपे जाते. कागदाचे नमुने आधी कापून, तुकड्यांवर क्रमांक घालून ठेवावेत. मागचा कागद सोलल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

रोलर विकत घेऊ नका, माझ्याकडचा पडून आहे. पाथर्डी फाट्यावरून जाताना घेऊन जा, फक्त @कॉलेजरोड_७ यांचे डिक्कीचे काम आधी होऊ द्या.